तीस रेषांचा माणूस

दिवाळीच्या तोंडावर टीव्ही घ्यायला दुकानात शिरलेल्या माणसाला सगळ्यात आधी ऐकू येतो तो पिक्सेलचा आकडा. फुल एचडी आता जुने झाले, फोर-के घ्या, परवडत असेल तर एट-के घ्या. पडदा किती उजळतो आणि किती रंग दाखवू शकतो, हे मात्र माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. कधी तेवढेही नसते. खरे तर चित्रातला बारकावा, उजेड आणि रंग ही तीन वेगवेगळी खाती आहेत, आणि तिन्ही एकाच खिशातून भरावी लागतात. एकात जास्त टाकले की दुसऱ्यात कमी पडते. हा हिशेब टीव्हीच्या जन्माइतका जुना आहे, आणि तो आयुष्यभर मांडत राहिलेल्या माणसाचे नाव जॉन लोगी बेअर्ड.

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग या क्लाइड नदीच्या मुखाशी वसलेल्या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक. चार भावंडांत जॉन सगळ्यात धाकटे. लहानपणी मोठे आजारपण येऊन गेले आणि तेव्हापासून प्रकृती कायमची नाजूक राहिली. सर्दी, खोकला, ताप यांनी शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. अंगात ताकद नसली तरी खटाटोपाची हौस मात्र भरपूर. शाळकरी वयातच त्यांनी आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खासगी टेलिफोन केंद्र उभे केले. एका वादळी रात्री त्यातली तार खाली लोंबली आणि घोडागाडी हाकणारा तिच्यात अडकून खाली पडला, तेव्हा तो उद्योग बंद करावा लागला. मग घरात विजेचे दिवे लावायचा उद्योग सुरू झाला.

ग्लासगोच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकून ते विद्यापीठात पोचले, पण पहिल्या महायुद्धाने पदवी अर्धवट राहिली. सैन्यात जायची तयारी दाखवली, तर डॉक्टरांनी नापास केले. क्लाइड खोऱ्यातल्या वीज कंपनीत नोकरी लागली. तिथे त्यांनी कार्बनमधून प्रचंड वीजप्रवाह सोडून हिरा बनवायचा प्रयत्न केला. हिरा झाला नाही. ग्लासगोच्या एका भागाची वीज मात्र गेली. पाय सतत गार पडण्याच्या स्वतःच्या व्याधीवर उपाय म्हणून त्यांनी टाकणखार भुरभुरलेले आतले मोजे विकायला काढले, आणि गंमत म्हणजे हा धंदा चांगला चालला. नोकरी सुटली. पुढे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन आंबे-पेरूंच्या देशात मुरंबा करायचा कारखाना काढला, तर साखरेच्या वासाने जंगलातले किडे कढईत येऊन पडू लागले. परत येऊन लंडनमध्ये मध, खत आणि साबण विकून पाहिले. दर वेळी धंदा जरा उभा राहतो न राहतो तोच तब्येत कोसळे. १९२३ च्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने हवापालटासाठी ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला गेले. वय चौतीस, हाताशी फारसा पैसा नाही, नोकरी नाही. तिथे आधी काचेचे वस्तरे आणि हवा भरलेले बूट करून पाहिले. वस्तरा फुटला, बुटातले फुगे फुटले. मग त्यांनी दूरवरचे चित्र तारेतून पाठवायचा प्रश्न हातात घेतला.

कल्पना त्यांची नव्हती. पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्येच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एक गोल तबकडी घ्यायची, तिच्यावर गोगलगाईच्या शंखासारख्या वळत जाणाऱ्या रेषेत लहान भोके पाडायची आणि ती फिरवायची. प्रत्येक भोक समोरच्या दृश्यावरून एक रेषा ओढत जाते. भोकातून येणारा उजेड मागच्या फोटोसेलवर पडतो, कमीजास्त उजेडानुसार कमीजास्त वीज तयार होते. पलीकडच्या टोकाला तशीच तबकडी त्याच वेगाने फिरते आणि तिच्यामागचा दिवा त्या विजेनुसार कमीजास्त पेटतो. बघणाऱ्याचा डोळा या रेषा जोडून चित्र पाहतो. निपको यांनी कागदावर मांडलेले हे यंत्र चालवून दाखवणे पुढची चाळीस वर्षे कोणाला धड जमले नव्हते. याचे मुख्य कारण उजेड होते.

चित्र तीस रेषांचे आहे, असे समजू. प्रत्येक रेषेत सत्तर ठिपके धरले तर एकूण दोन हजार शंभर ठिपके झाले. तबकडीचे भोक एका वेळी त्यातला एकच ठिपका बघते. म्हणजे दृश्यावर पडलेल्या उजेडाचा दोन हजारावा हिस्साच एका क्षणी कामाला येतो, बाकीचा वाया. आता चित्र जास्त रेखीव हवे म्हणून साठ रेषा करायच्या ठरवल्या, तर भोके दुप्पट आणि प्रत्येक भोक निम्म्या रुंदीचे. ठिपके चौपट झाले, आणि एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेड आला चौथाई. पलीकडच्या टोकालाही तेच: बघणाऱ्याला दिवा दिसतो तो त्याच बारीक भोकांतून. शिवाय चौपट ठिपके पाठवायला चौपट रुंद वाट हवी. रेषा वाढवा, चित्र अंधारते. उजेड वाढवा, समोरचा माणूस भाजतो. बेअर्ड यांचे सगळे शोध या चिमट्यातून सुटण्यासाठी होते, असे म्हटले तरी चालेल.

हेस्टिंग्जमधले त्यांचे यंत्र पाहून कोणी त्याला यंत्र म्हटले नसते. चहाचे रिकामे खोके, हॅटच्या पुठ्ठ्याच्या डब्याची तबकडी, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, आणि हे सगळे एकत्र धरायला लाख आणि सुतळी. १९२४ मध्ये या पसाऱ्याने एका क्रुसाच्या आकाराची सावली काही फुटांवर पाठवली. त्याच वर्षी हजारभर व्होल्टचा धक्का बसून बेअर्ड खोलीभर फेकले गेले. जीव वाचला, घरमालकाने जागा मात्र खाली करायला सांगितली. ते लंडनच्या सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर २२ क्रमांकाच्या घरात पोटमाळ्यावर राहायला गेले. मार्च १९२५ मध्ये सेल्फ्रिज या मोठ्या दुकानात त्यांनी तीन आठवडे रोज प्रयोग दाखवले. गिऱ्हाइके रांगेने येत, हलत्या सावल्या बघत आणि खरेदीला निघून जात.

सावली पाठवणे सोपे, कारण तिथे फक्त काळे आणि पांढरे असते. चेहऱ्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा लागतात. त्या पकडण्याइतका उजेड त्या काळच्या मंद फोटोसेलना पुरवायचा, तर दिव्यांच्या उष्णतेपुढे माणूस बसू शकत नसे. म्हणून बेअर्ड यांनी बोलक्या बाहुल्यांच्या खेळातला एक लाकडी बाहुला समोर बसवला. त्याचे नाव स्टूकी बिल. त्याचा चेहरा भडक रंगवलेला होता, म्हणजे छटांमधला फरक यंत्राला ठळक कळावा. (आजच्या शोरूममध्ये सगळे टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर लावून ठेवतात, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही.) त्या उष्णतेने बाहुल्याचे केस करपले, रंग तडकला. २ ऑक्टोबर १९२५ रोजी पलीकडच्या पडद्यावर सावलीऐवजी त्याचा खराखुरा चेहरा उमटला, डोळे, नाक, तोंड आणि गालावरच्या छटांसकट. बेअर्ड धावत खाली गेले आणि खालच्या कचेरीतल्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला ओढून घेऊन आले. दिव्यांच्या झळांनी तो मागे सरकला, तेव्हा त्याच्या हातात अर्धा क्राउन ठेवून त्याला परत बसवावे लागले. टीव्हीवर दिसलेल्या पहिल्या काही जिवंत चेहऱ्यांपैकी तो एक. योगायोग म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू झाले तीही तारीख २ ऑक्टोबरच, वर्ष १९७२.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे चाळीसेक सदस्य फ्रिथ स्ट्रीटचा अरुंद जिना चढून आले. जागा इतकी कमी की सहा-सहा जणांनी आळीपाळीने आत जायचे. एका पाहुण्यांची लांब पांढरी दाढी फिरत्या तबकडीत अडकली आणि काही केस गमावून त्यांची सुटका झाली, अशी आठवण बेअर्ड यांनीच पुढे नोंदवली आहे. चित्र अस्पष्ट होते, थरथरत होते, पण समोर बसलेला माणूस ओळखू येत होता. जाहीर टीव्हीचा इतिहास बहुतेक जण या दिवसापासून धरतात.

उजेडाचा पेच बेअर्ड यांनी उलट्या बाजूने सोडवला. माणसावर सगळीकडून झोत टाकायचे आणि त्यातला एकच ठिपका बघायचा, याऐवजी खोली अंधारी ठेवायची, तबकडीच्या भोकांतून उजेडाची एक बारीक शलाका माणसाच्या चेहऱ्यावरून झरझर फिरवायची आणि परतून येणारा प्रकाश मोठाल्या फोटोसेलनी गोळा करायचा. कोणत्याही क्षणी चेहऱ्याचा एकच ठिपका उजळलेला, त्यामुळे भाजण्याचा प्रश्न मिटला. दुसरा मार्ग त्याहून अफलातून होता. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरून त्यांनी संपूर्ण काळोखात बसलेल्या माणसाचे चित्र पाठवून दाखवले. डोळा स्वतः हे काम कसे करतो, याचेही त्यांना कुतूहल होते. लंडनच्या एका नेत्र रुग्णालयातून शस्त्रक्रियेत काढलेला मानवी डोळा मिळवून त्यातल्या प्रकाशाला संवेदनशील द्रव्याचा फोटोसेल करायचा प्रयत्नही त्यांनी केला, असे त्यांच्या आठवणींत आहे. तो फसला, आणि एकंदर किळसवाणाच ठरला.

१९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला, १९२८ मध्ये रेडिओलहरींवरून अटलांटिकपार न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेलला चित्र पोचले. आणि ३ जुलै १९२८ रोजी बेअर्ड यांनी रंगीत चित्र दाखवले. तबकडीवर भोकांच्या एकाऐवजी तीन वळणदार ओळी, एकीवर लाल काच, एकीवर हिरवी, एकीवर निळी. पलीकडे लाल रंगासाठी निऑनचा दिवा, हिरव्या-निळ्यासाठी पारा आणि हेलियमच्या वायूचा. टोपलीतली स्ट्रॉबेरी, पोलिसाचे हेल्मेट, वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या घालणारी एक लहान मुलगी, हे सगळे आपापल्या रंगांत दिसले. किंमत अर्थातच मोजावी लागली. एका चित्रासाठी तीन फेऱ्या, म्हणजे प्रत्येक रंगाला वेळेचा तिसरा हिस्सा. आणि रंगीत काच म्हणजे दोन तृतीयांश उजेड वाटेतच गडप. आधीच मंद असलेले चित्र आणखी मंद झाले. तरीही बघणाऱ्यांना ते जास्त खरे वाटले.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून तीस रेषांचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. रेषा तीसच का, तर मीडियम वेव्हवर एका रेडिओ केंद्राला जेवढी जागा मिळते तेवढ्यात याहून जास्त बसत नव्हते. ‘टेलिव्हायझर’ नावाचे सुमारे हजार संच विकले गेले. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या घरीही एक होता. काडेपेटीच्या आसपासचे उभट चित्र, निऑनमुळे नारिंगी झाक, सेकंदाला साडेबारा वेळा लुकलुकणारे, ते भिंगातून बघायचे. स्टुडिओत कलाकारांना चेहरा पांढराफटक आणि ओठ-भुवया निळसर काळ्या रंगवाव्या लागत. नाहीतर तीस रेषांत नाकडोळे हरवून जात. रेषा कमी पडल्या की फरक वाढवून भरपाई करायची, ही युक्ती स्टूकी बिलच्याच कुळातली.

१९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मुक्कामात बेअर्ड यांनी पियानोवादक मार्गारेट अल्बू यांच्याशी लग्न केले. मुलगी डायना आणि मुलगा माल्कम. घरी स्थैर्य आले, धंद्यात मात्र कंपनीचा ताबा हळूहळू इतरांकडे गेला. मालक आणि मुख्य अभियंता दोन्ही बदलले. कंपनीला नाव बेअर्ड यांचे, निर्णय दुसऱ्यांचे, अशी अवस्था झाली आणि ते सिडनहॅममधल्या आपल्या घरच्या प्रयोगशाळेत एकटे काम करू लागले.

त्यांच्या नावावर लिहिला गेलेला पराभव याच काळातला आहे. सरकारी समितीने किमान २४० रेषा हव्यात असे ठरवले आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची टीव्ही सेवा सुरू झाली. एक आठवडा बेअर्ड कंपनीची २४० रेषांची पद्धत, एक आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. ४०५ हा आकडा ईएमआयच्या आयझॅक शोएनबर्ग यांनी धाडसाने निवडला होता; त्यांचे सहकारी आधी २४३ वर समाधानी होते. तीन महिन्यांत निकाल लागला आणि फेब्रुवारी १९३७ पासून बेअर्ड पद्धत बंद झाली.

४०५ ने २४० ला हरवले, असे हे आजही सांगितले जाते. आकड्यांची गोष्ट सांगायला सोपी असते. प्रत्यक्षात स्टुडिओतल्या माणसांचे गाऱ्हाणे रेषांबद्दल फारसे नव्हते. बेअर्ड कंपनी स्टुडिओतले दृश्य आधी फिल्मवर टिपायची, सायनाइडयुक्त रसायनांत ती तिथल्या तिथे धुवायची आणि मिनिटभराने तिचे प्रक्षेपण करायची. कॅमेरा या हौदाला जखडलेला, जागचा हलत नसे. ईएमआयचा इमिट्रॉन कॅमेरा विजेवर चालायचा, चाकांवर फिरायचा आणि बागेतही नेता यायचा. दुसरा फरक लुकलुकण्याचा. बेअर्ड पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. ईएमआयने एकाआड एक रेषा दाखवून ती लुकलुक ५० पर्यंत नेली. पडदा जितका उजळ, तितकी लुकलुक डोळ्याला जास्त टोचते, हा डोळ्याचा नियम आहे. म्हणजे २५ वर अडकलेल्या पद्धतीला चित्र उजळ करणेही महाग पडत होते. या निकालाच्या दोन महिने आधी, ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री, क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत कंपनीच्या प्रयोगशाळा बहुतांश जळून गेल्या होत्या.

यानंतर बेअर्ड यांनी काय केले, ते आजच्या टीव्ही घेणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. ते रेषांच्या शर्यतीत उतरले नाहीत. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये त्यांनी बारा फूट बाय नऊ फुटांच्या पडद्यावर रंगीत टीव्ही दाखवला. रेषा किती, तर १२०. बीबीसी घराघरांत ४०५ रेषांचे काळे-पांढरे चित्र पाठवत असताना हा माणूस चौथाईहून थोड्या जास्त रेषा घेऊन रंग आणि आकार देत होता. प्रेक्षक पडद्यापासून लांब बसले आहेत, त्यांना चेहऱ्याचा आणि कपड्यांचा रंग दिसतो, रेषा मोजता येत नाहीत, हे त्यांना माहीत होते.

डोळ्याचे गणित असे आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. काहींना त्याहून थोडा जास्त. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल जवळपास अर्धा मिलिमीटर रुंद असतो. साडेपाच फुटांच्या पलीकडे गेले की तो या मर्यादेखाली जातो. आपल्याकडच्या दिवाणखान्यात सोफा पडद्यापासून आठ-दहा फुटांवर असतो. तिथून त्याच आकाराच्या फोर-केचे ८३ लाख पिक्सेल आणि फुल एचडीचे २१ लाख यांतला फरक बहुतेकांना जाणवणे कठीण. एट-केचे तीन कोटी ३२ लाख तर सोडूनच द्या. ६५ इंची पडदा सहा फुटांवरून बघायचा असेल, किंवा टीव्हीला कॉम्प्युटर जोडून अक्षरे वाचायची असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे फोर-के कामाला येते. उजेड आणि रंग मात्र सहा फुटांवरूनही दिसतात आणि सोळा फुटांवरूनही.

पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या जमान्यात चित्र शंभरेक निट धरून तयार केले जाई. आताचे एचडीआर चित्रपट बहुधा एक हजार निटपर्यंतचा उजेड धरून रंगवलेले असतात: उन्हात चमकणारे पाणी, देवघरातली समई, फटाक्याची ठिणगी. तीनशे निटच्या आसपास थांबणाऱ्या संचावर ‘एचडीआर’ची चिठ्ठी असली, तरी तिचा अर्थ त्या संचाला असा सिग्नल समजतो इतकाच, समई पेटेलच असे नाही. दुपारी खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत तर मंद पडद्यावर आधी खिडकीच दिसते. रंगांचेही तसेच. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा काढला, तर जुन्या एचडी मानकाच्या रंगांनी त्याचा जेमतेम ३६ टक्के भाग व्यापतो. डिजिटल सिनेमाच्या मानकाने साधारण ४५ टक्के, नव्या अतिविस्तृत मानकाने ७५ टक्के. झेंडूचा गडद नारिंगी किंवा पैठणीच्या मोरपिशी रंगाची खरी झळाळी जुन्या पल्ल्यात बसतेच असे नाही. रात्री अंधारात मात्र हाच उजेड कमी करावा. काळोख्या खोलीतला झगझगीत पडदा डोळ्यांना शिणवतो. उजळ संच मंद करता येतो, मंद संच उजळ करता येत नाही.

निपकोच्या भोकांचा नियमही सुटलेला नाही. एलसीडी पडद्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर आणि तारा लागतात आणि त्या उजेड अडवतात. पिक्सेल जितके लहान, तितका या अडवणाऱ्या भागाचा वाटा मोठा. त्यामुळे एट-केच्या पडद्याला तेवढाच उजेड द्यायला मागचे दिवे जास्त वीज खातात. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये टीव्हीच्या वीजवापराचे नियम कडक केले, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण एट-के संचांचीच झाली.

डोळ्याची आणखी एक खोड टीव्हीवाल्यांना पुढे उपयोगी पडली. बारकावा डोळा मुख्यतः काळ्या-पांढऱ्या फरकातून ओळखतो. रंगाच्या बाबतीत त्याची नजर जाड आहे. दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूत निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या आणि पुढे आपल्या दूरदर्शननेही घेतलेल्या पद्धतींत चित्र बारीक काळ्या-पांढऱ्यात पाठवून रंग वरून जाड कुंचल्याने भरतात. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा रेषा वाढल्या नव्हत्या. आधीच्याच ६२५ होत्या. तरी सगळ्यांना टीव्ही नवा झाल्यासारखा वाटला. आजच्या फोर-के प्रक्षेपणातही रंगाची माहिती बहुधा फुल एचडीएवढीच असते.

बेअर्ड यांना इतकी सवड मिळाली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बीबीसीचा टीव्ही बंद झाला, कंपनी बुडाली. बायकामुलांना कॉर्नवॉलला पाठवून ते बॉम्बफेकीखालच्या लंडनमध्ये एक-दोन मदतनिसांना घेऊन स्वतःच्या पैशांनी प्रयोग करत राहिले. आता फिरत्या तबकडीची जागा पिक्चर ट्यूबने घेतली होती, आणि त्यामुळे जुना चिमटा बराच सैल झाला होता. १९४०-४१ मध्ये त्यांनी ६०० रेषांचे रंगीत चित्र दाखवले. तब्येतीसाठी एका आरोग्यकेंद्रात राहिले, तेव्हा तिथे आठवणी लिहून काढल्या. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी ‘टेलिक्रोम’ पत्रकारांना दाखवला. एकाच काचेच्या फुग्यात अभ्रकाचा पातळ पडदा, त्याच्या एका बाजूला नारिंगी-लाल आणि दुसऱ्या बाजूला निळा-हिरवा रंग देणारे लेपन, आणि दोन बाजूंनी मारा करणाऱ्या दोन इलेक्ट्रॉन बंदुका. फिरणारी चाके गेली, रंगीत काचा गेल्या, आणि त्या काचांत गडप होणारा उजेडही वाचला. रंग थेट पडद्यातूनच निघत होता. पुढे घरोघर आलेली रंगीत पिक्चर ट्यूब रचनेने निराळी आणि तीन बंदुकांची होती. पण रंग ट्यूबच्या आतच तयार करायचा हा रस्ता तोच.

युद्धानंतरच्या टीव्हीचा विचार करण्यासाठी सरकारने हँकी समिती नेमली होती. तिच्यापुढे बेअर्ड यांनी हजार रेषांचा रंगीत टीव्ही मांडला. समितीने ते भविष्यासाठी मान्य केले, आणि तूर्त युद्धाआधीचीच पद्धत परत सुरू करावी असे सुचवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बेअर्ड यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांना समुद्रकाठच्या बेक्सहिलला हलवले होते. सात वर्षे बंद असलेला बीबीसीचा टीव्ही ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाला. त्यानंतर आठवड्याभराने, १४ जूनला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी बेअर्ड वारले. हेलन्सबर्गला आईवडिलांशेजारी त्यांचे दफन झाले. ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू व्हायला १ जुलै १९६७ उजाडला, आणि ४०५ रेषांचा काळा-पांढरा टीव्ही तिथे जानेवारी १९८५ पर्यंत चालू होता.